मामा दुसऱ्या मजल्यावर का थांबतात?

आमचे धाकटे मामा चौथ्या मजल्यावर राहतात. झोपडपट्टी पुनर्वसनातली इमारत. लिफ्ट आहे, परंतु ती चालू असण्यापेक्षा बंद असण्याचेच दिवस जास्त. मामा सफाई कामगार म्हणून निवृत्त झाले. तीस वर्षे कचऱ्याच्या गाड्या भरल्या, त्यांना चार मजल्यांची काय मातब्बरी! पण गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता ते दुसऱ्या मजल्यावर थांबू लागले. कारण दरवेळी निराळे. कधी चपलेचा अंगठा निघायचा, कधी खिशातली किल्ली सापडायची नाही, कधी दुसऱ्या मजल्यावरच्या आजींची विचारपूस करायची असायची. दोन-तीन मिनिटे गेली की पुन्हा चढू लागायचे.

कोणाच्या काही लक्षात आले नाही. मामींच्या आले. "हल्ली हे भाजीची पिशवी नातवाकडे देतात. आधी कुणाला हात लावू द्यायचे नाहीत," असे त्या आम्हाला म्हणाल्या. मामांना विचारले तर म्हणाले, "काही नाही रे, गॅस धरतो. चढताना इथं आवळल्यागत होतं. थांबलं की जातं. जातंय ना? मग झालं तर!"

त्याच सुमारास आमच्या वस्तीतल्या विहारात आरोग्य शिबिर झाले. आयोजकांत आम्हीही होतो. मामांना बळेच आणून टेबलावर झोपवले, ईसीजी काढला. कागद अगदी सरळ, कोठे दोष नाही. तो कागद आम्हीच मामींच्या हातात नेऊन दिला आणि "घाबरण्यासारखे काही नाही" असे सांगून आलो. ही चूक आमची. आमच्यासारखीच चूक घरोघरी होत असणार, म्हणून आज या पानावर हा विषय घेतला आहे.

चूक दाखवून दिली ती शिबिराला आलेल्या एका डॉक्टर मित्राने. आठवडाभराने सहज बोलताना मामांच्या थांबण्याचा विषय निघाला. तो म्हणाला, "त्यांना त्रास चढताना होतो ना? मग तुम्ही झोपलेल्या माणसाला काय विचारले?"

आम्ही वाणिज्य शाखेचे, व्यवसायाने कारकून. वैद्यकशास्त्रातले आम्हाला काही कळते असा आमचा दावा नाही. पण मित्राने जे समजावून दिले आणि नंतर आम्ही जे वाचले, ते आम्हाला जमाखर्चाच्या भाषेत चांगले कळले. तसेच ते येथे मांडतो.

हृदय म्हणजे मुठीएवढा, सुमारे ३०० ग्रॅमचा स्नायू. बसल्या जागी ते मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त शरीरभर पाठवते. त्यातला सुमारे पाव लिटर वाटा ते स्वतःसाठी घेते. हा वाटा करोनरी नावाच्या रक्तवाहिन्यांतून येतो. आता हिशेब पाहा. शरीराचे इतर अवयव, एकूण सरासरी धरली तर, रक्तातल्या प्राणवायूपैकी एक चतुर्थांश खर्च करतात आणि तीन चतुर्थांश शिल्लक परत पाठवतात. पायांच्या स्नायूंना काम वाढले की ते या शिलकीत हात घालतात. हृदयाचे तसे नाही. ते आराम असतानाच जवळपास तीन चतुर्थांश प्राणवायू उचलून घेते. म्हणजे खात्यात शिल्लक फारशी नाहीच. काम वाढले की जास्त रक्तच मिळाले पाहिजे, दुसरा मार्ग नाही. निरोगी माणसाच्या करोनरी रक्तवाहिन्या त्यासाठी रुंदावतात आणि गरज पडल्यास चार-पाच पट रक्त आणून देतात. तरुण मुलगा धावत जिना चढतो तेव्हा आत हेच चाललेले असते.

यात आणखी एक अडचण आहे. हृदय आवळले जाते तेव्हा त्याच्या भिंतीतल्या बारीक रक्तवाहिन्याही दाबल्या जातात. त्यामुळे सर्वात कष्टाचे काम करणाऱ्या डाव्या कप्प्याला बहुतेक रक्त मिळते ते हृदय सैल पडते त्या क्षणी. मिनिटाला ७५ ठोके पडत असताना एका ठोक्याला ०.८ सेकंद लागतो आणि त्यात सुमारे ०.५ सेकंद हृदय सैल असते. ठोके १५० झाले की एका ठोक्याला ०.४ सेकंदच उरतो, आणि सैल असण्याचा वेळ जेमतेम ०.२ सेकंद. आवळण्याचा वेळ थोडाच कमी होतो, कात्री लागते ती सैल असण्याच्या वेळेला. कामाचे तास वाढवायचे आणि जेवणाची सुट्टी कापायची, हा प्रकार आमच्या वाचकांना नवा नाही.

रक्तवाहिनीच्या आतून चरबीचा थर साचून ती अरुंद झाली, तर काय होते? बसल्या जागी बरेच दिवस काहीच होत नाही! अरुंद जागेच्या पुढच्या बारीक वाहिन्या आधीच रुंदावून बसतात आणि आरामापुरते रक्त ओढून घेतात. अमेरिकेतील डॉक्टर लान्स गुल्ड यांनी १९७४ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांत हे मोजून दाखवले. वाहिनीचा व्यास निम्म्याने अरुंद झाला की जास्तीत जास्त रक्त आणण्याची तिची ताकद घटू लागते. पण आरामातला पुरवठा मात्र ८५ टक्के अरुंद होईपर्यंत टिकून राहतो. म्हणून टेबलावर झोपलेल्या मामांचा कागद सरळ आला. कागद खोटे बोलला नाही, आम्ही त्याला प्रश्न चुकीच्या वेळी विचारला.

आता मामांसोबत जिना चढू. पहिल्या मजल्यापर्यंत ठोके वाढतात, रक्तदाब वाढतो. हृदयाचा प्राणवायूचा खर्च ढोबळ मानाने या दोहोंच्या गुणाकाराने मोजतात. मामांचे बसल्या जागी ठोके ७६ आणि वरचा रक्तदाब १३०, गुणाकार ९,८८०. पुढे तपासणीत त्यांना त्रास सुरू झाला तेव्हा ठोके ११८ आणि रक्तदाब १६० होता, म्हणजे १८,८८०. ज्याच्या वाहिनीत एके जागी पक्का अडथळा आहे, त्याला दरवेळी साधारण याच गुणाकाराला कळ येते. मामांचा हा आकडा दुसऱ्या मजल्याच्या कठड्याशी भरायचा. म्हणूनच तोच मजला, तीच जागा. भरपेट जेवून चढले, हातात ओझे असले किंवा थंडीची पहाट असली, तर आकडा पहिल्या मजल्यावरच भरतो. पिशवी नातवाकडे देण्याचे कारण आता कळले ना? मामांना गणित येत नव्हते, उत्तर मात्र त्यांनी बरोबर काढले होते.

आकडा ओलांडला की आत जे घडते त्याचा क्रम ठरलेला आहे आणि तो आपल्या लोकांनी नीट समजून घ्यावा असे आम्हाला वाटते. पहिल्यांदा, रक्त कमी पडलेला हृदयाचा भाग नीट सैल पडेनासा होतो, ताठ राहतो. मग तोच भाग आवळण्यातही मागे पडतो. शेजारचा निरोगी भाग जोराने काम करतो आणि हा नुसता ओढला जातो. त्यानंतर ईसीजीची रेषा खाली झुकते. आणि सर्वात शेवटी छातीत कळ येते. काहींना तर ती येतच नाही. म्हणजे आपल्याला पहिली सूचना वाटते, ती हृदयाने दिलेली शेवटची सूचना असते. "थोडी कळ सोसू, एवढा मजला चढून जाऊ" असे म्हणणारा माणूस, आधीच थकून मागे पडलेल्या स्नायूला आणखी जुंपत असतो. सोसण्याची सवय आपल्या हाडीमाशी भिनली आहे. येथे ती उपयोगाची नाही.

हे आज कळले असे नाही. १९३५ मध्ये अमेरिकेत टेनंट आणि विगर्स या दोघांनी कुत्र्याच्या हृदयाची एक रक्तवाहिनी बांधून पाहिली. मिनिटभरातच त्या भागाचे आवळणे थांबले, उलट हृदय आवळताना तो बाहेर फुगू लागला. माणसाच्या बाबतीत हे श्रम चालू असताना पाहता आले ते १९७० नंतर. १९७७ मध्ये बोरर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांना सायकलचे पेडल मारायला लावून, किरणोत्सारी द्रव्याच्या साहाय्याने हृदयाची चित्रे घेतली. हृदयाचा डावा कप्पा भरलेल्या रक्तापैकी दर ठोक्याला किती टक्के बाहेर फेकतो, हे त्यांनी मोजले. निरोगी माणसात हे प्रमाण आरामात ५५ ते ७० टक्के असते आणि व्यायामात आणखी वाढते. करोनरी वाहिन्या अरुंद असलेल्यांत ते वाढण्याऐवजी घसरले. बसल्या जागी दोघांचे हृदय सारखेच दिसत होते, त्या रुग्णांतही!

कळ थांबल्यावर सर्व काही लगेच पूर्ववत होते असेही नाही. स्नायूचा तो भाग कधी अर्धा तास, कधी त्याहून जास्त वेळ मंद राहतो. १९८२ मध्ये ब्राउनवाल्ड आणि क्लोनर या डॉक्टरांनी अशा स्थितीला 'बधिर झालेले हृदय' अशा अर्थाचे नाव दिले. जिना चढून आल्यावर मामा अर्धा तास कोणाशी बोलायचे नाहीत, ते आम्ही स्वभाव म्हणून सोडून दिले होते.

भगिनींसाठी एक गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. ताठ झालेल्या डाव्या कप्प्यात रक्त सहज शिरत नाही, मग मागे फुप्फुसात दाब वाढतो आणि धाप लागते. कित्येक स्त्रियांना, मधुमेह असलेल्यांना आणि वयस्कांना छातीत कळ येण्याऐवजी अशी धापच लागते, किंवा जबडा, खांदा, पाठ दुखते, नाहीतर नुसता गळाठा येतो. पाण्याची कळशी घेऊन चढताना आईला धाप लागली तर घरात "वय झाले" म्हणतात, "वजन वाढलंय" म्हणतात. धाप श्रमाने येते आणि थांबल्यावर जाते का, एवढे तरी विचारा. महिनाभरापूर्वी लागत नव्हती आणि आता लागते, असे असेल तर डॉक्टरांकडे न्या.

तर मामांना पट्ट्यावर चालण्याच्या तपासणीला नेले. तिला स्ट्रेस टेस्ट किंवा टीएमटी म्हणतात. मामा तयार नव्हते. "पट्ट्यावरच काही झालं तर?" हा त्यांचा प्रश्न. प्रश्न रास्त होता. म्हणूनच ही तपासणी डॉक्टर समोर असतानाच करायची असते. बसल्या जागी कळ येत असेल किंवा नुकताच झटका येऊन गेला असेल, तर ती करत नाहीत.

छातीला तारा लावल्या, दंडाला रक्तदाबाचा पट्टा. बहुतेक ठिकाणी चालते ती पद्धत रॉबर्ट ब्रूस या अमेरिकन डॉक्टरांनी १९६३ च्या सुमारास बसवलेली. दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ दोन्ही वाढतात. पहिली तीन मिनिटे ताशी २.७ किलोमीटर, म्हणजे बाजारातल्या गर्दीत चालावे तसे, पण चढावर. पुढची तीन मिनिटे ताशी ४ किलोमीटर आणि चढ जास्त. ठोके किती वाढवायचे तेही ठरलेले. २२० मधून वय वजा करायचे आणि त्याच्या ८५ टक्के. मामांचे वय ६१, म्हणजे १५९ चे ८५ टक्के, सुमारे १३५. मामा तेथवर पोहोचलेच नाहीत. पाचव्या मिनिटाला पडद्यावरची रेषा खाली झुकू लागली. मामा मात्र मजेत चालत होते! चाळीसेक सेकंद गेले आणि त्यांनी हात छातीशी नेला. मघाशी लिहिलेला क्रम आम्ही डोळ्यांनी पाहिला. पट्टा थांबवला, खुर्चीवर बसवले. त्यांचा रक्तदाब चालताना घसरला नव्हता. घसरता तर ते जास्त धोक्याचे लक्षण, असे डॉक्टर म्हणाले.

या तपासणीला सर्वज्ञ समजू नये. खरोखर अडथळा असलेल्या दर तीन रुग्णांपैकी साधारण दोघांनाच ती पकडते. स्त्रियांत कधी नसलेला दोषही दाखवते. मग चालल्यानंतर लगेच सोनोग्राफीसारखे हृदयाचे चित्र घेऊन कोणता भाग मागे पडतो ते पाहतात.

पुढचा भाग लिहिताना हात थोडा जड होतो. अँजिओग्राफी झाली, एका वाहिनीत अडथळा निघाला. ज्या खासगी इस्पितळात ती झाली तेथे आम्हाला सांगितले, "संध्याकाळपर्यंत निर्णय घ्या, स्प्रिंग टाकावी लागेल, उशीर केलात तर जबाबदारी तुमची." मामींनी गळ्यातल्याला हात घातला. आम्ही कागद घेऊन दुसऱ्या हृदयरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी शांतपणे फरक समजावला. बसल्या जागी कळ येऊन घाम फुटतो आणि ती जात नाही, तो झटका. तेथे एक-एक मिनिट मोलाचे, आणि अँजिओप्लास्टी जीव वाचवते. परंतु श्रमाने येणारी, थांबल्यावर जाणारी, महिनोन्‌महिने तशीच असलेली कळ हे दुसरे प्रकरण. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या, भारतासह ३७ देशांतल्या ५,१७९ रुग्णांवरील मोठ्या अभ्यासात अशा स्थिर रुग्णांत दोन वाटा तोलून पाहिल्या होत्या. सुरुवातीलाच स्प्रिंग किंवा बायपास केल्याने, नुसत्या औषधांच्या तुलनेत मृत्यू किंवा झटके कमी झाले नाहीत. कळ मात्र जास्त कमी झाली. डाव्या मुख्य वाहिनीत अडथळा असलेले आणि हृदय फार दुबळे झालेले रुग्ण त्यात घेतले नव्हते. मामा त्यांपैकी नव्हते. तेव्हा आधी औषधे, कळ आटोक्यात आली नाही तर स्प्रिंग, असे ठरले.

स्प्रिंग नको असे आम्ही कोणालाही सांगत नाही. ज्याला गरज आहे त्याने घ्यावीच, आणि पैशाअभावी थांबू नये. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली तेव्हा औषधी स्टेंटची किंमत २९,६०० रुपये ठरली. पुढे तिच्यात वेळोवेळी बदल होत गेले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते. योजनेतल्या इस्पितळात 'आरोग्यमित्र' असतो, त्याला रेशन कार्ड दाखवून विचारा. दागिना मोडण्याआधी एवढे दोन फेरे मारा.

आता व्यायामाचे. ज्याच्या हृदयाला श्रमात रक्त पुरत नाही त्याने पडून राहावे, असे सरसकट वाटते. मामांच्या मुलाने तर त्यांना खाली उतरूच द्यायचे नाही असे ठरवले होते. वास्तविक १७६८ मध्ये लंडनमध्ये विल्यम हेबरडन या डॉक्टरांनी या विकाराचे वर्णन पहिल्यांदा नीट मांडले, आणि त्यांनीच एका रुग्णाचे उदाहरणही दिले होते. तो गृहस्थ रोज अर्धा तास लाकूड कापायचा आणि जवळजवळ बरा झाला. त्याच लंडनमध्ये १९५३ मध्ये जेरेमी मॉरिस यांनी बसकामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा दुमजली बसच्या जिन्यावर खाली-वर करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता. आपल्या मुंबईतल्या जुन्या डिझेलच्या दुमजली बस २०२३ मध्ये बंद झाल्या. त्या जिन्यावरून तिकिटे फाडत चढणारे कंडक्टर आमच्या ओळखीचे होते, म्हणून हा अभ्यास आम्हाला विशेष जवळचा वाटतो.

आधीच अडथळा असलेल्यांचे काय? जर्मनीतील लाइपझिग येथे १०१ पुरुष रुग्णांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांना स्प्रिंग टाकली, निम्म्यांना रोज २० मिनिटे सायकलचा व्यायाम दिला. २००४ मध्ये निष्कर्ष आला. वर्षभर कोणतीही मोठी तक्रार न होता राहिलेले व्यायामाच्या गटात ८८ टक्के, स्प्रिंगच्या गटात ७० टक्के. प्रयोग लहान होता हे खरे, परंतु व्यायामाने अपाय होतो ही भीती त्याने काढली.

कारण पुन्हा तोच गुणाकार. नियमित चालणाऱ्याचे त्याच जिन्याला ठोके कमी वाढतात, रक्तदाब कमी चढतो. १८,८८० चा आकडा भरायला मग तिसरा, चौथा मजला उजाडतो. ठोके कमी ठेवणाऱ्या गोळ्याही हेच करतात. सुरुवातीला पाच-दहा मिनिटे सावकाश चालून मग वेग घेतला तर कळ उशिरा येते, असेही पुष्कळांना आढळते. परंतु डॉक्टरांनी मर्यादा ठरवून दिल्याशिवाय सुरू करू नये. जेवणानंतर तासभर नको. कळ आली की थांबायचे. आणि चालायला निघण्याआधी विडी ओढायची नाही. विडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातली प्राणवायूची जागा अडवतो, आणि वाहिनी अरुंद असताना तेवढीही जागा परवडत नाही. मामांनी विडी सोडली. तंबाखूची मळणी अजून अधूनमधून चालते, हे मामींना माहीत आहे आणि मामांना वाटते की माहीत नाही.

आमच्या हमाल, बिगारी, सफाई कामगार बांधवांना "आम्हाला कसला व्यायाम, आमचं कामच व्यायाम" असे वाटते. ओझे उचलताना श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब एकदम उसळतो. रोजच्या चालण्याशी त्याची बरोबरी नाही. मामा त्याचे उदाहरण आहेतच.

चार महिने झाले. मामा आता तिसऱ्या मजल्यापर्यंत न थांबता जातात, आणि थांबले तर किल्ली शोधत नाहीत. सरळ पायरीवर बसतात. खिशात सॉर्बिट्रेटच्या गोळ्या असतात. कळ आली की बसायचे आणि एक गोळी जिभेखाली ठेवायची. उभ्याने घ्यायची नाही, रक्तदाब उतरून चक्कर येते. पाच मिनिटांत कळ उतरली नाही, किंवा बसल्या जागीच आली, घाम फुटला, तर १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवायची. हे सर्व घराच्या दारामागे मामींनी नातवाच्या अक्षरात लिहून लावले आहे.

परवा आम्ही मामांच्या खिशातली पट्टी पाहायला घेतली. औषधवाल्याने कात्रीने कापून दिलेल्या चार गोळ्या. मुदतीची तारीख दुसऱ्या अर्ध्या भागावर, आणि तो अर्धा भाग दुकानातच राहिलेला. मामी त्याच पावली खाली उतरल्या आणि तारीख असलेली पूर्ण पट्टी घेऊन आल्या. लिफ्ट त्या दिवशीही बंदच होती.